मनगटावरचा वार

"पण औषध दिलं की हात परत येतो! सगळ्या खेळांत असंच असतं," अमृता वैतागली.

"माझ्या खेळात नाही," श्रीकर तिसऱ्यांदा म्हणाला. संग्रहालयं पालथी घालून त्यानं तलवारींची वजनं, जखमांच्या नोंदी गोळा केल्या होत्या, तीन वर्षं खपून हा युद्धाचा खेळ रचला होता. आज मित्रांसोबतच्या पहिल्याच डावात यशवंतच्या योद्ध्याला मनगटावर वार बसला. नियमाप्रमाणे त्याचा उजवा हात कायमचा गेला, आणि सगळे श्रीकरवरच चिडले.

"खऱ्या लढाईत असंच व्हायचं. तुम्हाला समजत कसं नाही?"

गेल्या वर्षी कारखान्यातल्या मशीनखाली यशवंतच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती.

"मला समजतं," डाव्या हातानं फासे गोळा करत तो म्हणाला. "पण इथं दोन तास तरी मला धड हातानं लढायचं होतं रे."

श्रीकर नियमांच्या वहीकडे बघत राहिला. मग त्यानं पेन उचललं आणि त्या नियमावर रागारागानं फुली मारली.

"टाक पुन्हा," तो खेकसला. मान मात्र त्यानं वर केली नाही.