एकदाही वाजलं नाही

सह्या अकराला व्हायच्या होत्या. ऋतुजा तासभर आधीच कारखान्याच्या फाटकाशी येऊन पोचली. "साहेब अजून यायचेत, मॅडम. ऑफिसात बसा," वॉचमन म्हणाला. ती ऑफिसात गेली नाही. सरळ क्लोरीनच्या शेडकडे निघाली.

तिच्या पर्समध्ये कराराची प्रत होती. तिच्या प्रयोगशाळेनं बनवलेलं, वायुगळतीची सूचना देणारं यंत्र या शेडमध्ये वर्षभर चाचणीसाठी लावलेलं होतं. हवेत क्लोरीन जरासा वाढला तरी त्यानं ठणाणा करायला हवा. वर्षभरात ते एकदाही वाजलं नाही. दर महिन्याला प्रयोगशाळेची माणसं फोन करून येत आणि नळीतून थोडा वायू त्याच्या जाळीपाशी सोडत. तेव्हा मात्र ते लगेच वाजे. म्हणजे यंत्र चोख, आणि शेडही चोख. आता या कारखान्याची कंपनीच ते तंत्र घेऊन यंत्रं बाजारात आणणार होती. गेल्या बैठकीत मॅनेजर दीनानाथ म्हणाले होते, "तुमचं यंत्र म्हणजे आदर्श सून हो. वर्ष झालं, घरात आवाज नाही." सगळे हसले होते.

ऋतुजाला हसता आलं नव्हतं. तिचे वडील, नागोराव, याच शेडमध्ये कामाला होते. "डोळे चुरचुरतात गं," असं ते महिनोन्महिने सांगत होते. खोकला वाढत गेला. तक्रार केली की वरून उत्तर ठरलेलं: यंत्र वाजलं का? नाही ना? मग वायू नाही. उन्हाळ्यात ते गेले. फुप्फुसं निकामी झाली होती. बिडी त्यांनी जन्मात ओढली नव्हती. यंत्र खरं असेल, तर बाबांना झालं काय? आणि बाबा खरे असतील, तर आज ती कशावर सही करणार होती?

शेडच्या दारात ती थांबली. सोनबा स्टुलावर उभा होता. नागोरावांचा इतक्या वर्षांचा जोडीदार. समोर ज्या जमिनीवर आयटी कंपनीची काचेची इमारत उठत होती, ती एकेकाळी त्याच्या भावकीची. तो यंत्रावरचं निळ्या रेक्झिनचं कव्हर सोडवत होता. चांगलं जाड, कडेला इलॅस्टिक घातलेलं, अगदी यंत्राच्या मापानं शिवलेलं.

"सोनबाकाका, हे काय?"

तो दचकला. "लवकर आलात व्हय, ताई? काढतोच हाय. पाव्हनं यायच्या आत काढतो की मी दर टायमाला."

"म्हणजे एरवी हे घातलेलं असतं?"

"मग! एवढं म्हागाचं यंत्र. धूळ बसंल, गंज चढंल." तिचा चेहरा पाहून तो घाईनं म्हणाला, "आतनं चालूच असतंय, ताई. रेडिओला न्हाई का कव्हर? तरी वाजतोच."

ऋतुजानं आत पाहिलं. शेडच्या टोकाला दोघं जण क्लोरीनचं सिलिंडर बदलत होते. पाहुणे यायच्या दिवशी हे काम आधीच उरकून घेत. आज ते अजून उरकलं नव्हतं.

"काका, उतरा खाली. लवकर."

सोनबा कव्हर हातात घेऊन उतरला. आणि यंत्र वाजलं.

कुणीच हललं नाही. पाहुणी आली की यंत्र वाजतं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. सिलिंडरपाशी वाकलेल्या एकानं मान वर करून तिला नमस्कारही केला.

"मी काही केलेलं नाही!" ती ओरडली. "बाहेर पडा! सगळे बाहेर!"

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, माणसं पळत सुटली. सगळे आवारात जमले तेव्हा दीनानाथांची गाडी फाटकातून आत येत होती. ते रुमाल नाकाला लावून उतरले. "मॅडम, आजचाच मुहूर्त काढलात वाजवायला?"

"आज सह्या होणार नाहीत, साहेब. वर्षभराचा अहवाल मी मागे घेतेय. यंत्र झाकलेलं होतं."

दीनानाथांचं लक्ष सोनबाच्या हाताकडे गेलं. "हे कुठल्या विद्वानाचं काम? तुझं? उद्यापासून यायची तसदी घेऊ नकोस."

सोनबानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. तो ऋतुजाच्या जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, नागोरावांनी करून आनलं हे. वहिनींनी शिवलंय. पोरीनं बनवलंय, जपाया पायजे, म्हनायचे. तिला सांगू नको, हसंल."

यंत्र आत वाजतच होतं. ऋतुजानं त्याच्या हातातून कव्हर घेतलं. आतल्या बाजूनं दुहेरी शिवण होती. तिनं त्याची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"यांना काही बोलू नका, साहेब," ती म्हणाली. "कव्हर आमच्या घरचं आहे."

संध्याकाळी ती वारज्याला घरी पोचली तेव्हा आई खिडकीपाशी शिलाई मशीनवर बसलेली होती. मान वर न करता द्वारकाबाईंनी विचारलं, "झालं का गं काम? यंत्र बरं आहे ना?"

ऋतुजानं पर्स घट्ट धरली.

"हो, आई. अगदी नव्यासारखं आहे."