चिपवरचा पत्ता

मारकुट्या नवऱ्याला, रामिरोला सोडून नूरिया साराग्होसा शहरात लपून राहत होती. तो आलाच तर दारातच अडवावा म्हणून सात महिने खपून तिने सोबत आणलेल्या घरच्याच कुत्र्याला, त्रास्तोला शिकवून तयार केलं. राखणदार कुत्र्यांच्या शेवटच्या परीक्षेसाठी त्याच्या कातडीखालच्या ओळखीच्या चिपवर नवा पत्ता लागणार होता. त्या एवढ्याशा कामाला नोंदणी कचेरीने तिला चार हेलपाटे घालायला लावले.

"आज काम झाल्याशिवाय मी उठणार नाही," ती म्हणाली.

"झालंय हो बाई, सोमवारीच," कारकून कंटाळून म्हणाला.

"मग दाखला द्या."

"दाखला मालकाला जातो. कुत्रा रामिरो साहेबांच्या नावावर आहे."

"म्हणजे?"



"म्हणजे तुमचा नवा पत्ता त्यांना पोस्टाने कळवलाय."