छोट्या लाईनीचं इंजीन

नंदिनीचे वडील देवाजी नागभीडच्या छोट्या लाईनीवर वाफेच्या इंजिनाचे फायरमन होते. ते इंजीन कधीच भंगारात गेलं, आणि आता ऐंशीच्या घरात देवाजींना नीट दिसेनासंही झालं होतं. म्हणून राजुऱ्यात फिटरचं काम शिकवणाऱ्या नंदिनीनं मनावर घेतलं, की बाबांना हातानं चाचपता येईल असं हातभर लांबीचं तेच इंजीन करायचं. चाकं तिनं एका विकतच्या मॉडेलची काढली, मोटर दुसऱ्याची. बॉयलर मात्र पितळी पाइप कापून स्वतः घडवला. एका जुन्या फोटोवरून रिव्हेट न् रिव्हेट जुळवता जुळवता दोन वर्षं गेली.

बाबांच्या वाढदिवसाला तिनं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. बोटं धुराड्यावरून बॉयलरवर फिरली, तिथून मागच्या केबिनमध्ये शिरली आणि थबकली. आत विकतच्या मॉडेलमधलीच दोन इवलीशी माणसं तिनं चिकटवली होती, एक ड्रायव्हर आणि एक फायरमन.

म्हातारा ती दोन माणसं पुन्हा पुन्हा चाचपू लागला. नंदिनी वाकून केबिनमध्ये बघू लागली.

"बाबा, काई चुकलं का जी?"

"नाई वं नंदे. मायंच इंजीन हाये हे, हुबेहूब!" डोळे पुसता पुसता देवाजींना हसू फुटलं.

"पन हा फायरमन बसून काऊन राह्यला? तीस वर्षं कोळसा फेकला, मले तं कवा टेकाले भेटलं नाई!"