बैलाचं दुखणं

भूपेंद्रच्या बैलाने दोन दिवस वैरणीला तोंड लावलं नाही, तर लगेच सोनगीरहून गुरांचा डॉक्टर आला. त्याने जीभ पाहिली, पोट चाचपलं आणि विचारलं, "याचा जोडीदार कुठंय?"

"गेल्या आठवड्यात साप चावून मेला."

"मग हे दुखणं मनाचं आहे. जोडी फुटली की जनावर खाणंपिणं सोडतं. त्याच्यावर ओरडू नका. कोणीतरी जवळ बसा, अंगावरून हात फिरवा."

भूपेंद्रचे डोळे पाणावले. मुक्या जिवाचं दुःख आपल्याएवढं गावात कोणाला कळत नाही, असं तो स्वतःच चारचौघांत सांगत असतो.

डोळे पुसत तो ओसरीवर आला. त्याची आई, शेवंताबाई, भिंतीकडे तोंड करून बसली होती. नवरा गेल्यापासून वर्षभर ती तशीच बसते. सकाळचं ताट पुढ्यात तसंच होतं. त्यातली भाकर त्याने बैलासाठी उचलली आणि तो खेकसला, "माय, पुरे आते तुनं नाटक! ऊठ, बैलजवळ जाईसन बस. त्या बिचाराले कोनी नही."