विटलेला लाल

"डॉक्टर, ऑपरेशन करताना डोळा काढून बशीत ठेवतात का?" मैत्रिणींनी पैज लावून विचारायला सांगितलेला प्रश्न त्या शाळकरी मुलीने एका दमात विचारून टाकला. डॉक्टरबाई खळखळून हसल्या. "छे गं! नाकातून दुर्बीण घालून सायनसमधलं हाडाचं टेंगूळ कोरून काढायचं. गाठ साधी, कॅन्सर नाही." "साधी ना? मग राहू द्या," आई घाईघाईने म्हणाली. "डोळ्यापाशी हत्यारं नकोत." बाबांनी मान डोलावली. डॉक्टरबाईंनी औषधाच्या बाटलीचं टोपण तिच्यासमोर धरलं. उजव्या डोळ्याने लालभडक दिसलं. गाठीमुळे पुढे आलेल्या डाव्याने मात्र विटलेल्या फडक्यासारखं. "गाठीने डोळ्याची नस दबतेय. थांबलात तर नजर जाईल." "परीक्षेनंतर बघू," बाबा पुटपुटले. तिने टोपण हातात घेतलं. "आई, बाबा, रोज सकाळी मी एकेक डोळा झाकून बघते. डाव्याने रोज कमी दिसतं. ऑपरेशन मी करून घेणार. सही तेवढी तुम्ही करा!"