बाराव्या कुंडीचं पाणी

फोन वाजला तेव्हा घड्याळजी गॅलरीत पाचव्या कुंडीपुढे उकिडवा बसला होता. मातीतली ओल मोजायच्या मीटरची दांडी त्यानं नुकतीच कुंडीत खुपसली होती आणि काटा अजून हलत होता. फोनवर मेहुणी होती, दवाखान्यातून.

"एक मिनिट थांब," तो म्हणाला. "काटा स्थिर होऊ दे."

ती थांबली. काटा सहावर स्थिर झाला. त्यानं दांडी पुसली, मीटर बाजूला ठेवला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"हं, बोल."

"भावोजी, ताई गेली."

पित्ताचे खडे काढायचे होते. दोन रात्रींचं काम, असं डॉक्टर म्हणाले होते. घरून निघताना बायकोनंच हा मीटर त्याच्या हातात दिला होता. "बोट घालून ओल तुम्हाला कळायची नाही. काटा असला की कळेल." एकेक करत तिनं अकरा कुंड्या दाखवल्या. बारावी झोपायच्या खोलीत होती, रबराच्या झाडाची. तिला तिनं स्वतः पाणी घातलं आणि बजावलं, "याला मात्र हात लावू नका. जास्त झालं की रुसतं. आल्यावर मी बघते."

सहा आठवड्यांनी मेहुणी आली, ताईचे कपडे आवरायला. गॅलरीच्या दारातच ती थांबली.

"अगं बाई! ताईच्या हाताखालीसुद्धा एवढी माजली नव्हती ही झाडं."

"काटा बघून घालतो. पाचच्या खाली गेला की एक पेला. वर असला की काही नाही."

"ताई म्हणायची, यांना एक दिवस आमटीत मीठ घालायलासुद्धा काटा लागेल."

तो हसला. बरेच दिवस हसला नव्हता, त्यामुळे त्याला ठसका लागला. मेहुणीनं पाठीवर थोपटलं आणि कपाट उघडायला ती आतल्या खोलीत गेली. तिथून तिची हाक आली.

"भावोजी, हे काय?"

खिडकीशी रबराचं झाड होतं. शेंड्याला चार पानं राहिली होती, बाकीची खाली फरशीवर पडली होती. मातीत मीटर उभा होता.

"मीटर दोन झाले वाटतं?"

"हा इथंच असतो. बाकीच्या कुंड्यांसाठी दुसरा आणला."

"अहो, पण झाड वाळलंय. पाणी नाही घालत याला?"

"आहे त्यात. तुझ्या ताईनं घातलेलं. काटा चारवर आहे, बघ."

मेहुणीनं मातीत बोट खुपसलं. बोट आत जाईना. माती कुंडीच्या कडेपासून सुटून मधोमध घट्ट बसली होती. तिनं मीटर उपसला. दांडीला गंज चढला होता. तो तिनं खिडकीच्या उजेडात धरला. मातीतून बाहेर आला तरी काटा चारवरच होता.

"हा अडकलाय."

घड्याळजी फरशीवरची पानं पायानं बाजूला सारायला लागला.

"उभा जन्म काटे सोडवण्यात गेला तुमचा. आणि अडकलेला काटा तुम्हाला कळत नाही?"

"कळतो."

"मग?"

तो पलंगाच्या कडेवर बसला. "पहिल्या दिवशी आठवर होता. मग सातवर आला, मग सहावर. रोज सकाळी उठून बघायचो, थोडा खाली आलेला असायचा. चारवर आला आणि थांबला." त्यानं गुडघ्यांवर हात पुसले. "थांबला तर बरं वाटलं."

मीटर पलंगावर टाकून मेहुणी स्वयंपाकघरात गेली. पेला भरून आणला आणि त्याच्यापुढे धरला.

"घाला."

"तू घाल."

"मी नाही घालणार."

"हात लावू नका म्हणाली होती ती."

"आल्यावर मी बघते, असंही म्हणाली होती, भावोजी."

एवढं बोलून तिनं पेला खिडकीत ठेवला आणि त्याच्याकडे पाठ करून कपाटातले कपडे काढायला लागली. घड्या मोडत होत्या, पुन्हा घालत होती. मध्येच एक साडी नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

घड्याळजीनं पलंगावरचा मीटर उचलला. दुकानात गिऱ्हाइकाचं बंद घड्याळ धरायचा तसा तळहातावर धरला. अंगठ्याच्या नखानं काचेवर एक टिचकी मारली. काटा सुटला आणि शून्यावर जाऊन पडला.

दुपारपर्यंत चार गाठोडी झाली. त्यानं ती एकेक करून खाली नेली आणि गाडीत ठेवली. मेहुणीनं गाडीची काच खाली केली.

"घातलंत?"

"घालतो."

"आज घाला. अजून चार पानं आहेत."

"घालतो म्हटलं ना. जा तू, उशीर होईल."

ती गेली. त्यानं वर येऊन फरशीवरची पानं झाडून काढली. रिकामं कपाट आतून ओल्या फडक्यानं पुसलं आणि दारं उघडी ठेवली. गंजलेला मीटर कचऱ्यात टाकला.

कुंडीला पाणी घालायचं तेवढं राहिलं आहे.