कळसूबाईची ओटी

घटस्थापनेच्या सकाळी, सगळ्यांच्या आधी, बारी गावच्या सोनाबाई खाडे ओटीचं ताट घेऊन कळसूबाई चढल्या. शेवटच्या शिडीशी खाण कंपनीनं कठडा घातला होता.

"आजी, नमस्कार इथूनच करा," कठड्याशी उभा कंपनीचा साहेब म्हणाला.

"ओटी काय लांबून भरतात?" सोनाबाईंनी वाकून पलीकडे देवळाच्या पायरीवर नारळ ठेवला. तो पायरीतून आरपार गेला आणि खोल खाली कुठल्याशा यंत्रावर आपटला.

साहेबानं गडबडीनं समजावलं. धातूसाठी वर्षापूर्वीच देवळासकट माथा कापून नेला होता आणि त्या जागी हे प्रकाशाचं शिखर उभं केलं होतं. "गावातून पाहा, अजूनही महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखरच दिसतं!"

"म्हणजे वर्षभर आम्ही उजेडाला हात जोडले? मेल्यांनो, देवीलाही सोडलं नाहीत!"

त्यांनी कठड्याजवळच्या ढिगाऱ्यातला एक दगड उचलला, शेजारून खाणीत उतरणाऱ्या डंपरच्या वाटेत मधोमध ठेवला, त्याला हळदकुंकू लावलं आणि खण-तांदळांनी ओटी भरली.

"आता हिला हलवून दाखवा."

"चालव रे गाडी!" साहेब ओरडला.

डंपरवाल्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरून चपला काढल्या आणि हात जोडले.